दोन हजार मूर्ती आणि एक कुंचला

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

रंगवून तयार झालेला, पण डोळे न उघडलेला गणपती तुम्ही कधी पाहिला आहे का? पितांबर पिवळाजर्द, शेला लाल, मुकुट सोनेरी, आणि डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा कोरा भाग. असा एखादा गणपती दिसला तर गंमत वाटते. पण बाहेर आषाढाचा पाऊस कोसळतो आहे, पत्र्याच्या शेडमध्ये फळ्यांवर असे तीन-चारशे गणपती ओळीने बसले आहेत, आणि त्या सगळ्यांसमोर एकच माणूस बारीक ब्रश घेऊन पाटावर बसला आहे, हे दृश्य पाहिले की गंमत वाटत नाही. छातीत धस्स होते. कारण तो माणूस माझे बाबा असतात.

आमची रामवाडी पेणच्या कडेला, मुंबई-गोवा महामार्गालगत आहे. एस.टी.च्या विभागीय कार्यालयामुळे हे नाव जिल्ह्यात बऱ्याच जणांना माहीत असते. पेणचे गणपती तर सगळ्या जगाला माहीत आहेत. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे अशा आसपासच्या गावांत घरटी कोणी ना कोणी या धंद्यात आहे. आमच्याकडे शेती नाही, स्वतःचा कारखानाही नाही. आई एका कारखान्यात रंगकामाला जाते आणि बाबा त्याच कारखान्यात आखणी करतात. मूर्ती पूर्ण रंगवून झाली की शेवटी तिच्या भुवया आणि डोळे रेखायचे, ती आखणी. हे काम ज्याच्या त्याच्या हातचे नसते. बाबा सातवीतून शाळा सोडून माती मळायला लागले आणि वीस वर्षांनी आखणीच्या पाटावर बसले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच.

गेल्या वर्षीचा, म्हणजे २०२५ चा हंगाम विचित्र होता. प्लास्टरच्या मूर्ती करता येणार की नाही, या प्रश्नाने उन्हाळाभर सगळे कारखाने धास्तावले होते. ९ जूनला उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला मुभा दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाची मनाई कायम ठेवली. चतुर्थी होती २७ ऑगस्टला. तोवर अडून राहिलेल्या मागण्या एकदम आल्या. आमच्या शेठनी दोन हजार मूर्ती पत्करल्या. रंगकामाला बारा बायका होत्या, त्यांत आणखी आठ घेतल्या. शेठ म्हणाले, "भाऊ, आता वीस हात झाले. काळजी नाही."

बाबा काहीच बोलले नाहीत. ते तसेही फारसे बोलत नाहीत.

नेमक्या त्याच आठवड्यात वर्गात सर ॲडम स्मिथ शिकवीत होते. १७७६ च्या त्याच्या ग्रंथातला टाचण्यांच्या कारखान्याचा दाखला आपल्यापैकी बहुतेकांनी परीक्षेपुरता पाठ केला असेल. एकटा माणूस दिवसाला कशाबशा काही टाचण्या करील. पण तेच काम अठरा लहान कृतींत फोडून दहा माणसांत वाटले, तर दिवसाला ४८,००० टाचण्या होतात. त्या दिवशी सरांनी पुस्तकाबाहेरची एक गोष्ट सांगितली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर द प्रोनी नावाच्या अभियंत्याकडे गणिती कोष्टकांचे प्रचंड काम आले. एका माणसाच्या आयुष्यात ते पुरे होणारे नव्हते. त्याने स्मिथ वाचला आणि टाचण्यांप्रमाणे आकडेमोडही वाटून टाकली. वर थोडे गणिती, त्यांच्या खाली जाणकार मदतनीस, आणि सर्वांत खाली साठ-ऐंशी साधी माणसे, ज्यांना फक्त बेरीज-वजाबाकी येत होती. क्रांतीत सरदारांची डोकी गेली तसा त्यांच्या केशरचनाकारांचा धंदाही गेला. असे काही बेकार कारागीरही त्या गणकांत होते म्हणतात. चार्ल्स बॅबेजने १८३२ च्या आपल्या ग्रंथात या योजनेचे वर्णन केले. संगणकयंत्राचा आराखडा मांडणारा तो हाच बॅबेज.

सर म्हणाले, "तुमच्या खिशातला मोबाइल आजही तेच करतो. मोठे काम फोडतो आणि वाटतो."

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. पेणच्या बाजारात जुना मोबाइल घेताना दुकानदाराने "आठ कोअरचा आहे, ताई" असे मोठ्या अभिमानाने सांगितले होते, आणि आठ काय ते न कळताही मी मान डोलावली होती. आता मात्र कुतूहल वाटू लागले. ग्रंथालयात आणि त्याच मोबाइलवर मिळेल ते वाचीत गेले. मी कला शाखेची. चूक असेल तर विज्ञानाच्या मित्रांनी पोटात घालावी. पण मला जे उमगले ते आमच्या शेडमुळेच उमगले, म्हणून शेडच्याच भाषेत सांगते.

संगणकाचा प्रोसेसर म्हणजे अव्वल कारागीर. घड्याळाच्या ठोक्याप्रमाणे तो काम करतो, आणि त्याचे ठोके सेकंदाला तीनशे कोटींच्या घरात असतात. अशा एका ठोक्याच्या अवधीत प्रकाशसुद्धा जेमतेम दहा सेंटीमीटर जातो, वीतभरही नाही! अनेक वर्षे कंपन्या हा एकच हात अधिकाधिक जलद चालवीत राहिल्या. पण २००४-०५ च्या सुमारास अडले. ठोके आणखी वाढवावेत तर चिप इतकी तापू लागली की ती उष्णता काढून टाकणेच परवडेना. एकट्या कारागिराला "भरभर कर" म्हणून किती हाकणार? तेव्हा एका चिपवर दोन कारागीर बसविले, मग चार, मग आठ. हेच कोअर. एकाने एक काम धरायचे, दुसऱ्याने दुसरे.

ग्राफिक्स चिपची तऱ्हा याहून निराळी आहे. तिथे अव्वल कारागीर नाहीत. तिथे हजारो साधे हात आहेत. साध्या पूर्ण एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. खेळ चालू असताना सेकंदाला साठ वेळा प्रत्येक ठिपक्याचा रंग नव्याने ठरवावा लागतो, म्हणजे सेकंदाला बारा कोटींहून जास्त ठिपके! हे एकेक करून व्हायचे नाही. पण यात एक सोय आहे. या ठिपक्याचा रंग ठरविताना शेजारच्या ठिपक्याचे काम संपण्याची वाट बहुधा पाहावी लागत नाही. मग एकाच वेळी हजारो ठिपके रंगवायला काय हरकत?

आमच्या रंगकामाच्या ओळीचेही असेच चालते. मुकादमबाई म्हणते, "पितांबर, पिवळा." ओळीतल्या सगळ्या बायका आपापल्या समोरच्या मूर्तीचा पितांबर पिवळा करतात. हुकूम एक, हात अनेक, मूर्ती प्रत्येकीची वेगळी. एनव्हिडिया कंपनीच्या चिपमध्ये बत्तीस-बत्तीसची अशी टोळी असते आणि साऱ्या टोळीला एकच हुकूम मिळतो. आता ओळीतल्या निम्म्या मूर्तींना लाल पितांबर हवा असेल तर? मुकादमबाई आधी पिवळ्यांचा हुकूम देते, तोवर लालवाल्या हात आवरून बसतात. मग लालांचा हुकूम, आणि पिवळ्यावाल्या बसतात. चिपमध्येही हुबेहूब हेच घडते. सर्वांचे काम एकसारखे असेल तोवर ग्राफिक्स चिपला तोड नाही. "असे असेल तर हे, तसे असेल तर ते" असे फाटे फुटू लागले की तिचे हात रिकामे राहतात. फाटे फोडायला तो अव्वल कारागीर, म्हणजे प्रोसेसरच बरा. म्हणून दोघेही लागतात.

खेळाच्या पडद्यासाठी घडविलेल्या या चिपकडून लोकांनी पुढे भलतीच कामे करून घेतली. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातील तिघा संशोधकांनी अशा दोनच ग्राफिक्स कार्डांवर शिकविलेल्या प्रणालीने चित्रे ओळखण्याची स्पर्धा जिंकली, आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेला तिथून जोर चढला. आपल्या पुण्याच्या सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वा होता. त्यातल्या एकेका चिपवर असे ६,९१२ लहान हात आहेत.

सी-डॅकची गोष्ट वाचताना मला विशेष आनंद झाला. ऐंशीच्या दशकात आपल्या देशाला हवे तेवढे सामर्थ्यवान महासंगणक विकायला अमेरिका राजी नव्हती. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात ही संस्था निघाली आणि तिची धुरा आली विजय भटकर यांच्याकडे. त्यांचा जन्म अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यातला. एकच अचाट वेगवान यंत्र घडविण्याऐवजी त्यांनी साध्या चिपा एकमेकींना जोडून काम वाटून देण्याचा मार्ग धरला. १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला, त्यात अशा चौसष्ट चिपा होत्या. अव्वल कारागीर मिळत नाही ना, मग चौसष्ट साधे हात एकत्र बसवू! पेणच्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही.

पाऊस हा आमच्या धंद्याचा वैरी. मूर्ती वाळत नाही, आणि न वाळलेल्या मूर्तीवर रंग धरत नाही. पावसाचा अंदाज ज्या गणिताने बांधतात तेही वाटूनच केले जाते. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत त्यासाठी २०१८ मध्ये 'प्रत्यूष' आणि २०२४ मध्ये 'अर्का' हे महासंगणक आले. पृथ्वीवरच्या हवेचे चौकोन पाडायचे, एकेका हाताला काही चौकोन द्यायचे, आणि शेजाऱ्याच्या सीमेवर काय चालले आहे ते प्रत्येकाने वरचेवर विचारून घ्यायचे. ही कल्पना संगणकाहूनही जुनी आहे. लुइस रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये चौसष्ट हजार माणसे बसतील अशा एका प्रचंड गोल सभागृहाचे स्वप्न रंगविले होते. प्रत्येक माणूस आपल्या तुकड्याचे गणित करतो आहे, आणि मध्यभागी उंच जागी उभा असलेला प्रमुख पुढे धावणाऱ्यांवर गुलाबी आणि मागे पडणाऱ्यांवर निळा प्रकाश टाकतो आहे.

हे वाचले त्या संध्याकाळी मी आईला बोलवायला शेडमध्ये गेले. वीस बायकांचे हात सपासप चालले होते. पण बाबांच्या पुढ्यात कोऱ्या डोळ्यांची रांग सकाळपेक्षा लांब झाली होती. माझ्या मनात आले, रिचर्डसनचा तो प्रमुख इथे असता तर त्याचा निळा प्रकाश सबंध शेड सोडून एकट्या माझ्या बाबांवर पडला असता.

रात्री मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. एका मूर्तीला सरासरी दोन तासांचे काम, म्हणजे दोन हजार मूर्तींना चार हजार तास. त्यांपैकी आखणी मूर्तीमागे बारा मिनिटे, म्हणजे चारशे तास. उरलेले छत्तीसशे तास वाटता येण्याजोगे. दिवसाला आठ तास धरले तर बारा बायका ते साडेसदतीस दिवसांत उरकतील, आणि वीस बायका साडेबावीस दिवसांत. बाबांचे चारशे तास मात्र बारा बायका असतानाही पन्नास दिवसांचे आणि वीस असतानाही पन्नास दिवसांचेच! शेठनी आठ बायका वाढवल्या त्याने फक्त डोळे नसलेल्या मूर्ती लवकर तयार होऊ लागल्या.

जीन ॲमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये हेच सांगितले होते. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी साऱ्या कामाचा वेग ठरवितो. दहावा हिस्सा वाटण्याजोगा नसेल, तर हजार हात लावा की लाख, काम दहापटीपेक्षा जलद होणे नाही. आमच्या शेडमध्ये तो दहावा हिस्सा म्हणजे बाबा. माल रवाना करायला तेव्हा चाळीस दिवस उरले होते.

मी वही बाबांपुढे ठेवली. त्यांनी ती जवळ धरली, मग लांब धरली, मग पुन्हा जवळ. तेव्हा माझ्या लक्षात आले, की उजव्या डोळ्याने त्यांना नीट दिसतच नाही. आईला ठाऊक होते, शेठना नव्हते. मूर्तीमागे बारा मिनिटे का लागत होती तेही मला तेव्हा कळले. पूर्वी ते आठ मिनिटांत डोळे उघडीत.

मी म्हटले, "बाबा, मला आखणी शिकवा."

"नाही."

"का?"

बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "बाय, या पाटावर जो बसतो तो उठत नाही. हंगाम आला की सगळे त्याच्याकडेच बघतात. तुला कॉलेजात घातलंय ते इथे बसायला नाही."

आजवर मला वाटे, मी मुलगी म्हणून बाबा आखणी शिकवीत नाहीत. मनातून मी त्यांच्यावर रुसलेही होते. त्या रात्री तो रुसवा गेला, पण हिशेब सुटला नव्हता. मी पुन्हा वही ओढली. मी कॉलेजातून आल्यावर रोज चार तास बसेन. माझा हात निम्म्या वेगाने चालला तरी माझे चार म्हणजे तुमचे दोन. तुमचे आठ आणि हे दोन मिळून दहा. चारशे भागिले दहा, चाळीस. एकही तास बुडवायचा नाही. "मी उठणार आहे बाबा," मी म्हटले, "हिशेबातच तसे लिहिलेय."

ते हसले. दुसऱ्या दिवशी चार खंडित मूर्ती घरी घेऊन आले.

पहिले काही दिवस हिशेब साफ कोसळला. शिकविण्यात बाबांचाही वेळ जाऊ लागला आणि काम उलट मागे पडले. काम वाटायलाही काम पडते, हे माझ्या वहीत नव्हते! मग मी एक शहाणपणा केला. म्हटले, एका मूर्तीचा डावा डोळा तुम्ही काढा, उजवा मी काढते, म्हणजे प्रत्येक मूर्तीला निम्मा वेळ. पहिल्याच मूर्तीवर आम्ही दोघे बसलो आणि गणपती तिरळा झाला. आई तोंडाला पदर लावून हसत सुटली. बाबा म्हणाले, "डावा डोळा बघूनच उजवा काढायचा असतो, बाय. डोळे दोन, पण काम एकच." पडद्याचे ठिपके वाटता येतात, कारण ते एकमेकांवर अवलंबून नसतात, डोळे असतात. काम कुठे फोडावे आणि कुठे फोडू नये, हे मला कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या तिरळ्या गणपतीने चांगले शिकविले. मग सबंध मूर्ती एकेकाने घेऊ लागलो. लहान माझ्याकडे, मोठ्या बाबांकडे.

बाबांचा एकच धडा होता. "श्वास धरायचा. हात कापला की गणपती भेदरलेला दिसतो." माझे कितीतरी गणपती सुरुवातीला भेदरले. बाबा ओल्या फडक्याने डोळे पुसून परत माझ्यापुढे ठेवीत. एकदा चाचणी परीक्षेच्या आदल्या रात्री ब्रश हातात आणि टिपणे मांडीवर, अशी मी बसले होते. बाबांनी टिपणे तेवढी हातात ठेवली आणि ब्रश काढून घेतला. त्या रात्री ते एकटेच जागले. माझ्या हिशेबात ते तास नव्हते.

चाळीसचे त्रेचाळीस दिवस लागले. शेवटचा टेम्पो चतुर्थीच्या तोंडावर, भर पावसात निघाला. ताडपत्रीखालून कडेच्या एका लहान मूर्तीचे डोळे दिसत होते. ते मी काढलेले होते. किंचित मोठे, जरा आश्चर्याने बघितल्यासारखे. बाबांनी ते पुसायला सांगितले नव्हते.

दिवाळीनंतर बाबांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. शेठना आम्ही सगळे सांगितले आणि वहीतला हिशेबही दाखविला. त्यांनी तो दोनदा वाचला.

या जानेवारीपासून आमच्या शेडमध्ये आखणीचे तीन पाट मांडले आहेत. एकावर बाबा बसतात. उरलेल्या दोहोंवर रंगकामातल्याच दोन बायका खंडित मूर्तींवर हात बसवीत आहेत. आखणी आल्यावर त्यांची मजुरी वाढेल. माझ्यासाठी चौथा पाट मांडलेला नाही. सकाळी कॉलेजला निघताना मी शेडवरून जाते, तेव्हा आतून बाबांचा आवाज येतो, "श्वास धरायचा, ताई. हात कापला की गणपती भेदरलेला दिसतो." आणि मी पावले उचलते, कारण पुढे तास असतो.